खिडकी हँग झाली, मशीन नाही
संगणक शंका-समाधान

या महिन्याच्या पत्रांत एकाच दुखण्याची पत्रं जास्त निघाली. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, सांभाळणारा प्रोग्राम मधेच थिजतो आणि माऊस फिरवला तरी काही होत नाही. म्हणून हे पान त्यालाच दिलं आहे. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या आणि त्यांतले आकडे इंग्रजीतच टंकायचे. 'व्हर्श' (टर्मिनलवरून व्हर्च्युअल मशीन सांभाळायची आज्ञा) हा शब्द वारंवार येईल. त्याची अक्षरं: व्ही, आय, आर, एस, एच.

आमच्या इथं जिनिंगच्या ऑफिसात उबुंटूचा एक पीसी आहे, १६ जीबी रॅमचा. त्यात दोन व्हर्च्युअल मशीन चालते, एकात हिशेबाचं सॉफ्टवेअर अन् दुसऱ्यात वजनकाट्याचं. लाईन गेली न् आली की व्हर्ट-मॅनेजरची खिडकी पांढरीफक होते, 'फोर्स क्विट' का 'वेट' म्हणून विचारते. फोर्स क्विट केलं तं आतलं काम जाईन काय? पीसी यूपीएसवर आहे, तो बंद पडत नाही. बॅकअप दुसऱ्या खोलीतल्या जुन्या पीसीवर एनएफएसनं जाते.
— एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा

नाही जात. नवीन मशीन बनवणं किंवा क्लोन करणं अर्धवट चालू असेल तर तेवढं संपू द्या. एरवी खुशाल फोर्स क्विट करा.

व्हर्ट-मॅनेजर हा पायथॉनमध्ये लिहिलेला एक प्रोग्राम आहे, आणि त्याचं काम नुसतं दाखवायचं. त्याच्या मागे लिबव्हर्टचा डेमन, म्हणजे पडद्यामागचा प्रोग्राम, चालतो, तो हुकूम घेतो. त्याच्याही मागे प्रत्येक व्हर्च्युअल मशीनसाठी क्यूईएमयूची एकेक वेगळी प्रक्रिया चालते, आणि तुमचा हिशेब असतो तिच्यात. खिडकी मेली तरी मागचे दोघं जिवंत राहतात. इतकंच काय, डेमन रीस्टार्ट केला तरी चालू मशीन चालूच राहतात. डेमन परत उठला की त्यांना पुन्हा धरतो. काट्यावरची गाडी खोळंबवायचं कारण नाही.

आता नेमकं कोण थिजलं ते पाहू. कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून टर्मिनल उघडा आणि टंका: 'व्हर्श -सी क्यूईएमयू:///सिस्टिम लिस्ट --ऑल'. मधला '-सी' भाग गाळू नका. साध्या यूजरनं तो गाळला तर व्हर्श तुमच्या खाजगी सेशनची यादी दाखवतो. ती रिकामी असते, आणि मशीनच उडाले असं वाटून लोकांचं धाबं दणाणतं.

यादी लगेच आली आणि दोन्ही मशीनपुढे 'रनिंग' दिसलं, तर दुखणं फक्त खिडकीचं. 'पीकिल -एफ व्हर्ट-मॅनेजर' करा आणि परत उघडा. पुन्हा तसंच झालं तर 'व्हर्ट-मॅनेजर --डीबग --नो-फोर्क' असं टर्मिनलवरूनच सुरू करा. थिजण्याच्या क्षणी टर्मिनलवर जी शेवटची ओळ दिसेल, ती कामाची. हीच नोंद होम फोल्डरमधल्या 'डॉट-कॅश' फोल्डरात, व्हर्ट-मॅनेजर नावाच्या फोल्डरात साठते.

यादीच आली नाही, कर्सर नुसता लुकलुकत राहिला, तर डेमन अडकला आहे. उबुंटूवर त्याचं नाव लिबव्हर्टडी. फेडोरासारख्या नव्या रचनेत त्याच कामाला व्हर्टक्यूईएमयूडी असतो. रीस्टार्ट करण्याआधी 'जर्नलसीटीएल -यू लिबव्हर्टडी -बी' करून नोंद पाहा, कारण रीस्टार्टनंतर नव्या ओळींच्या गर्दीत जुनी खूण शोधावी लागते. 'कॅनॉट ॲक्वायर स्टेट चेंज लॉक' अशी ओळ असेल तर आधीचं एखादं काम त्या मशीनचं कुलूप धरून बसलं आहे. कंसात कोणतं काम ते लिहिलेलं असतं. कारण बहुधा डिस्ककडेच निघतं.

तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट मात्र शेवटच्या वाक्यात आहे. पीसी यूपीएसवर आहे. दुसऱ्या खोलीतला बॅकअपचा पीसी आणि मधला नेटवर्क स्विच यूपीएसवर आहेत का? नसणार. लाईन गेली की ते दोघं बंद होतात. एनएफएस म्हणजे दुसऱ्या पीसीवरचा फोल्डर नेटवर्कवरून आपल्या पीसीत जोडायची, म्हणजे माउंट करायची सोय. हे माउंट मुळातच 'हार्ड' असतं, म्हणजे समोरचा परत येईपर्यंत ते वाट पाहत बसतं, कितीही वेळ. तो फोल्डर लिबव्हर्टमध्ये स्टोरेज पूल (मशीनच्या डिस्क फाइल ठेवायची जागा) म्हणून जोडलेला असेल तर डेमन त्या पूलची जागा मोजायला जातो आणि तिथेच अडकतो. त्याच्यामागे खिडकी अडकते. म्हणजे मशीन धडधाकट, आणि खोळंबा एका बॅकअपच्या फोल्डरामुळे.

खात्री करायची तर 'डीएफ -एच' मारा. आकडे न येता तीही आज्ञा लटकली तर चोर सापडला. दुसरी खूण: 'पीएस -ईओ पीआयडी,स्टॅट,सीएमडी' च्या यादीत दुसऱ्या रकान्यात 'डी' असलेल्या ओळी. ही डिस्कच्या उत्तराची वाट पाहणारी प्रक्रिया; साध्या किलनं ती जागची हलत नाही. 'सुडो डीमेसेज -टी' च्या शेवटी 'एनएफएस: सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग' अशी ओळही दिसेल. त्याऐवजी 'आय/ओ एरर' किंवा 'एटीए'ने सुरू होणाऱ्या चुकांच्या ओळी दिसल्या तर मामला वेगळा: पीसीतलीच हार्ड डिस्क जायला आली आहे. मग बाकी सगळं सोडून आधी डेटा बाहेर काढा.

आत्ताची सुटका: 'सुडो युमाउंट -एफ -एल' आणि पुढे बॅकअपच्या फोल्डराचा पत्ता. मग 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट लिबव्हर्टडी'.

कायमचा उपाय पैशात मोजला तर किरकोळ आहे. स्विच आणि बॅकअपचा पीसी यूपीएसवर घ्या. स्विचला फार वीज लागत नाही, पण लाईन गेल्यावर सगळं खोळंबतं ते त्याच्यामुळेच. सोबत बॅकअपचा फोल्डर लिबव्हर्टच्या पूलमधून काढा. आधी 'व्हर्श पूल-ऑटोस्टार्ट बॅकअप --डिसेबल', मग 'व्हर्श पूल-डिस्ट्रॉय बॅकअप'. दोन्हीत 'बॅकअप' हे तुमच्या पूलचं नाव, आणि दोन्हीत वरचा '-सी' भाग लागतोच. 'डिस्ट्रॉय' वाचून घाबरू नका, तो पूल फक्त बंद करतो, फाइल पुसत नाही. पुसणारा भाऊबंद वेगळा, 'पूल-डिलीट'. त्याला हात लावू नका. माउंट ठेवायचंच असेल तर एफएसटॅब या माउंटच्या यादीच्या फाइलमध्ये 'सॉफ्ट,टायमिओ=१००,रिट्रान्स=३' लिहा. टायमिओ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, म्हणजे १०० म्हणजे १० सेकंद. समोरचा मेला की मिनिट-दोन मिनिटांत चूक परत येईल आणि डेमन मोकळा होईल. हे फक्त बॅकअपच्या फोल्डरासाठी. चालू मशीनची डिस्क 'सॉफ्ट' माउंटवर ठेवली तर अर्धवट लिहिलेल्या डेटामुळे आतली फाइल सिस्टिम बिघडू शकते.

लॅपटॉप ८ जीबीचा, साधी हार्ड डिस्क. एक मशीन छान चालते. दुसरी सुरू केली की व्हर्ट-मॅनेजरच नाही, अख्खा लॅपटॉप गोठतो, माऊससुद्धा अडखळते. दोन्ही मशीनला ४-४ जीबी दिले आहेत. उन्हाळ्यात जास्त होते.
— बीसीएचा एक विद्यार्थी, दर्यापूर, जि. अमरावती

चार आणि चार आठ होतात, पण लिनक्सला स्वतःलाही जेवायला लागतं. डेस्कटॉप आणि दोन-चार टॅब उघडलेला ब्राउझर मिळून अडीच-तीन जीबी सहज खातात. उरले पाच-साडेपाच. पहिल्या मशीननं चार घेतले. दुसरं सुरू झालं की लिनक्स रॅममधली पानं स्वॅपवर, म्हणजे तुमच्या फिरत्या हार्ड डिस्कवर टाकू लागतो. त्याच डिस्कवर दोन्ही मशीनच्या डिस्क फाइलही आहेत. एकच सुई सगळीकडे पळते आणि कुणाचंच काम होत नाही.

पुढच्या वेळी दुसरं मशीन सुरू करण्याआधीच एका टर्मिनलमध्ये 'व्हीएमस्टॅट १' चालू ठेवा. दर सेकंदाला एक ओळ येईल. 'एसआय' आणि 'एसओ' हे दोन रकाने पाहा: स्वॅपमधून आत किती, स्वॅपकडे बाहेर किती. शून्यं हलली नाहीत तर रॅमचं दुखणं नाही. शेकड्या-हजारांत आकडे धावू लागले, 'बी' रकान्यात ५-६ प्रक्रिया तुंबल्या आणि 'डब्ल्यूए' ५० च्या वर गेलं, तर निदान पक्कं. असल्या वेळी पॉवर बटण दाबून धरू नका. पाचेक मिनिटं थांबा, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ नं काळ्या पडद्यावर जा, लॉगिन करा आणि दुसऱ्या मशीनला 'व्हर्श शटडाउन' द्या.

दुरुस्ती वाटणीत आहे. विंडोजच्या मशीनला ३ जीबी. दुसरं मशीन लिनक्स सर्व्हरचं असेल तर त्याला डेस्कटॉप लागतोच कशाला? नुसत्या डेबियनला १ जीबी पुरे. ब्राउझर बंद. यानंतरही दोन विंडोज मशीन एकाच वेळी हवीत असतील तर रॅम १६ जीबी करावीच लागेल, त्याला दुसरा मार्ग नाही. पण पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आमचं मत आधी एसएसडी. तिच्यामुळे मशीनची संख्या वाढणार नाही, पण लॅपटॉप गोठणं बरंच कमी होईल.

विंडोजच्या मशीनमध्ये डिस्कची बस 'साटा' किंवा 'आयडीई' असेल तर ती 'व्हर्टआयओ' (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेली वेगवान बस) करा. मात्र थेट बदलू नका, ड्रायव्हर नसल्यानं विंडोज निळ्या पडद्यावर पडतो. आधी १ जीबीची एक फालतू डिस्क व्हर्टआयओ बसवर जोडा, विंडोज चालू करून व्हर्टआयओ-विनच्या आयएसओमधला ड्रायव्हर टाका, मशीन बंद करा, आणि मग मुख्य डिस्कची बस बदला. ती फालतू डिस्क नंतर काढून टाकली तरी चालते.

उन्हाळ्याचं म्हणाल तर तेही खोटं नाही. डीमेसेजमध्ये 'टेम्परेचर अबव्ह थ्रेशोल्ड, सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड' अशी ओळ शोधा. असेल तर प्रोसेसर तापून आपला वेग उतरवतो आहे. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालच्या जाळीतला धूळ-कापूस काढा, आणि कूलरच्या थेट झोतात तर ठेवूच नका. ती हवा थंड असते खरी, पण तिच्यासोबत पाणीही येतं.

नागपूरच्या होस्टवरची (ज्या पीसीत व्हर्च्युअल मशीन चालतात त्यावरची) मशीन मी इथून व्हर्ट-मॅनेजरनं एसएसएचवर सांभाळतो. नेट मोबाइलचं. रेंज गेली-आली की प्रोग्राम जागच्या जागी थिजतो, दहा-पंधरा मिनिटं हलत नाही. कधी तर 'कनेक्टिंग'वरच बसून राहतो.
— एक वाचक, कुरखेडा, जि. गडचिरोली

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

एसएसएच म्हणजे दूरच्या संगणकावर लॉगिन करायचा धागा, आणि थिजणं हे तो धागा तुटल्याचं. मोबाइलचं नेटवर्क गेलं तेव्हा एसएसएचला कुणी 'तुटलं' असं कळवत नाही; तो पाठवलेल्या शब्दाची पोच येईल म्हणून वाट पाहतो. त्याला मर्यादा घाला. होम फोल्डरमधल्या 'डॉट-एसएसएच' फोल्डरात 'कॉन्फिग' नावाची फाइल असते, नसेल तर बनवा. तिच्यात त्या होस्टच्या नावाखाली दोन ओळी: 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल १५' आणि 'सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स ३'. दर १५ सेकंदांनी एसएसएच हाक मारेल, तीन हाकांना ओ आली नाही की ४५ सेकंदांत धागा तोडून मोकळा होईल. व्हर्ट-मॅनेजर हाच एसएसएच वापरतो, म्हणून त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. दुसरा फायदा असा की नुसत्या शांततेमुळे मधल्या नेटवर्कनं कनेक्शन झटकायचं प्रमाणही कमी होतं. तिसरी ओळ 'कम्प्रेशन येस' घाला, मंद लाईनवर पडद्याचं चित्र जरा लवकर येतं.

'कनेक्टिंग'वर बसणं हे बहुतेक वेळा पासवर्डचं. मेनूतून उघडलेल्या प्रोग्रामला टर्मिनल नसतं, मग एसएसएच पासवर्ड विचारणार कुठे? तो विचारतो आणि ते तुम्हाला दिसतच नाही. किल्ली बनवा ('एसएसएच-कीजेन'), ती होस्टवर टाका ('एसएसएच-कॉपी-आयडी'), आणि आधी टर्मिनलवरून एकदा पासवर्डाशिवाय लॉगिन होतं का ते बघा. कन्सोल उघडला की व्हर्ट-मॅनेजर आणखी एसएसएच कनेक्शनं करतो, तेव्हा किल्लीशिवाय दरवेळी तेच रडगाणं.

शिवाय प्रेफरन्सेसमध्ये 'पोलिंग' नावाचं पान आहे. डिस्क, नेटवर्क आणि मेमरीचे आलेख बंद करा, स्थिती विचारण्याचा अवधी वाढवून १० सेकंद करा. 'कन्सोल' पानावर ऑटोकनेक्ट बंद करा, म्हणजे मशीनवर डबल-क्लिक केल्याबरोबर चित्र ओढायला सुरुवात होणार नाही. 'जनरल' पानावर लिबगेस्टएफएसची आत डोकावण्याची सोय चालू असेल तर तीही काढा, हाकनाक वेळ खाते.

खरं तर एवढ्या लांबून आणि एवढ्या बारीक लाईनवर खिडकी हवीच कशाला? लिनक्स मशीनमध्ये सिरीयल कन्सोल चालू करून ठेवा: आत 'सिस्टिमसीटीएल एनेबल --नाउ सिरीयल-गेटी@टीटीवायएस०'. मग होस्टवर एसएसएचनं जाऊन 'व्हर्श कन्सोल' आणि मशीनचं नाव. टूजी रेंजवरसुद्धा चालतं. बाहेर पडायला कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस.

मशीन आपोआप 'पॉज' होते. रिझ्यूम दाबले की क्षणभर चालते, पुन्हा पॉज.
— एक वाचक, पुसद, जि. यवतमाळ

होस्टची डिस्क भरली आहे. मशीनला लिहायला जागा मिळाली नाही की क्यूईएमयू त्याला पॉज करतो, म्हणजे आतला डेटा बिघडत नाही. ही सोय आहे, बिघाड नाही. 'व्हर्श डोमब्लकएरर' आणि मशीनचं नाव दिलं की 'नो स्पेस' लिहून येईल. क्यूकाउ२ फाइल, म्हणजे मशीनची डिस्क जिच्यात असते ती, गरजेप्रमाणे फुगते, आणि आत फाइल पुसल्यानं आपोआप आटत नाही. त्यामुळे ४० जीबीच्या चार डिस्क १२० जीबीच्या एसएसडीवर पहिले काही महिने सुखानं राहतात, मग एक दिवस एकदम सगळ्यांचा श्वास अडकतो. 'क्यूईएमयू-आयएमजी इन्फो' हा प्रत्येक डिस्कचे कागदावरचे आणि प्रत्यक्षातले असे दोन्ही आकडे सांगतो. मशीन चालू असताना कुलपामुळे नाकारला तर '-यू' (इंग्रजी मोठं यू) जोडा. जुने आयएसओ आणि विसरलेले स्नॅपशॉट काढा, 'जर्नलसीटीएल --व्हॅक्युम-साइज=२००एम' करा, दोन-चार जीबी मोकळे झाले की रिझ्यूम. रीसेट करायची गरज नाही, मशीन जिथे थांबलं तिथूनच चालू लागतं.

व्हर्ट-मॅनेजरमध्ये मशीनच्या खिडकीत क्लिक केलं की माऊस बाहेरच येत नाही.
— एक वाचक, मूल, जि. चंद्रपूर

डावीकडची कंट्रोल आणि ऑल्ट एकदम दाबून सोडा. कायमसाठी मशीनच्या 'ॲड हार्डवेअर'मधून इनपुट प्रकारात 'यूएसबी टॅबलेट' जोडा.

आमच्या लॅबमध्ये विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स आहे. मॅनेजर उघडतच नाही, किंवा उघडून हँग होतो. मुलांची मशीन चालू असताना तो मारला तर चालेल ना?
— प्रयोगशाळा सहायक, वरूड, जि. अमरावती

इथे उत्तर उलटं आहे, म्हणून जपून. मॅनेजरची खिडकी मारली तर चालतं. तिच्यामागे व्हीबॉक्सएसव्हीसी नावाची प्रक्रिया असते. ती मारली तर चालू मशीनही खाली येतात. लिनक्सवर डेमन रीस्टार्ट करायची जी मुभा आहे ती इथे नाही. आधी मुलांना मशीन आतून शटडाउन करायला सांगा, मगच टास्क मॅनेजरमधून व्हीबॉक्सएसव्हीसी संपवा आणि मॅनेजर पुन्हा उघडा.

हँग होण्याचं नेहमीचं कारण बाहेरची डिस्क. एखाद्या मशीनची फाइल पेनड्राइव्हवर किंवा पोर्टेबल डिस्कवर असेल आणि आज तिला वेगळं ड्राइव्ह अक्षर मिळालं, तर ते मशीन 'इनॲक्सेसिबल' दिसतं आणि मॅनेजर शोधत बसतो. लॅबच्या डिस्कला डिस्क मॅनेजमेंटमधून एक ठरावीक अक्षर द्या, झेडच्या जवळचं.

लाईन अचानक गेल्यावर मशीन उघडत नसेल तर त्याच्या फोल्डरातली 'डॉट-व्हीबॉक्स' फाइल पाहा. ती शून्य बायटांची झालेली असते. शेजारी 'डॉट-व्हीबॉक्स-प्रीव्ह' फाइल असते, ती आधीची चांगली प्रत. व्हीबॉक्सएसव्हीसी बंद असताना रिकामी फाइल बाजूला ठेवा, प्रीव्हची कॉपी करून तिच्या नावातलं '-प्रीव्ह' काढा.

मशीन चालतं पण रांगतं, आणि त्याच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं, असं असेल तर विंडोजचं हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) मधे आलेलं आहे. ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'बीसीडीएडिट /सेट हायपरव्हायझरलाँचटाइप ऑफ' द्या, विंडोज सिक्युरिटीतलं 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करा, आणि पीसी पुन्हा सुरू करा. त्याच पीसीवर कुणी डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) वापरत असेल तर ते यानंतर चालणार नाही. त्याला आधी विचारा.